कोड कुठे लिहायचा, हे शिकणाऱ्याला ठरवू द्या

अंध मुलाला प्रोग्रॅमिंग शिकायचं असलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: भाषा कोणती घेऊ? पायथन की जावा, सी की जावास्क्रिप्ट? सोलापुरात हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो, कारण मी स्वतः अंध आहे आणि याच शहरात कोड लिहायला शिकलो. विचारणारी मुलं बारावी करून बीसीएला किंवा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला प्रवेश घेतलेली असतात. कधी मुलाऐवजी वडील फोन करतात. मी त्यांना सांगतो, भाषा कोणतीही घ्या, पण ती ज्या खिडकीत टाइप करायची ती खिडकी स्क्रीन रीडरशी, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमशी, बोलते का, ते आधी बघा. आणि ती खिडकी निवडायची मुभा तुम्हाला आहे का, तेही विचारून या. बहुतेकांना ती नसते. लॅबने, जर्नलच्या छापील नमुन्याने आणि एक्स्टर्नलच्या, म्हणजे बाहेरून येणाऱ्या परीक्षकाच्या, सवयीने हा निर्णय आधीच घेऊन टाकलेला असतो. काय शिकायचं ते अभ्यासक्रमाने जरूर ठरवावं, पण ते कशात टाइप करायचं हे शिकणाऱ्याला ठरवू द्यावं, असं माझं ठाम मत आहे. सोलापूरसारख्या शहरात तर ते अधिकच खरं आहे, कारण इथल्या मुलाला कॉलेजच्या लॅबपलीकडे दुसरी जागाच नसते. पुण्या-मुंबईत एखादी संस्था, एखादा क्लास, आधी शिकलेला कुणी सापडतो. इथल्या मुलाने त्यासाठी हुतात्मा एक्स्प्रेस पकडायची का?

सी भाषेत कोड लिहायच्या टर्बो सी या साधनाचंच उदाहरण घेऊ. अनेक कॉलेजांत पहिल्या वर्षाचं सी अजूनही त्याच्यावर शिकवतात. बोरलँड कंपनीने ते १९८७ मध्ये आणलं, डॉसच्या जमान्यात. आजच्या ६४-बिट विंडोजवर ते थेट चालत नाही, म्हणून डॉसबॉक्स नावाच्या प्रोग्रॅममध्ये जुन्या संगणकाची नक्कल उभी करून त्यात ते चालवावं लागतं. डोळस मुलांना यात फारसं काही वाटत नाही. निळा पडदा दिसतो, पिवळी अक्षरं दिसतात, काम होतं. अंध मुलासाठी मात्र तिथे जवळजवळ काहीच नसतं. डॉसबॉक्स अक्षरं चित्रासारखी रंगवतो आणि स्क्रीन रीडरला त्या चित्रात ना ओळ सापडते, ना कर्सर, ना मेनू. टाइप करताना दाबलेलं अक्षर फार तर ऐकू येईल, पण लिहिलेली ओळ परत वाचता येत नाही. एरर कुठे आली ते तर कळतच नाही.

तोच मुलगा तीच सी भाषा साध्या नोटपॅडमध्ये लिहून कमांड प्रॉम्प्टवर जीसीसी या कंपायलरने कंपाइल करू शकतो, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलू शकतो. धडा तोच, प्रोग्रॅम तोच, उत्तरही तेच. तरी लॅबमध्ये त्याला म्हणतात, ‘तू शेजारी बस, हा करेल, तू ऐक.’ सेमिस्टर संपेपर्यंत मुलगा स्वतःच म्हणायला लागतो की हे आपलं काम नाही. मला याचा मनापासून राग येतो. भाषा त्याला जमली नाही असा शेरा त्याच्यावर बसतो, आणि भाषेशी त्याची गाठ पडलेलीच नसते. टर्बो सी डोळस मुलांनाही फार काही देत नाही. सीवरूनच पुढे आलेल्या सी प्लस प्लस भाषेचं पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ मध्ये आलं आणि टर्बो त्याच्या आधीचं आहे. तिथे घोटलेल्या क्लिअरस्क्रीन आणि कोनिओ या डॉसच्या काळातल्या सोयी पुढे नोकरीत फारशा कुठे चालत नाहीत.

स्क्रीन रीडर पडद्याकडे ‘बघत’ नाही, हे पुष्कळ शिक्षकांना कुणी सांगितलेलंच नसतं. तो समोरच्या प्रोग्रॅमला प्रश्न विचारतो: कर्सर कुठे आहे, या ओळीत काय मजकूर आहे, या बटणाचं नाव काय? प्रोग्रॅम उत्तर देत असेल तर तो ते बोलून दाखवतो, नसेल तर गप्प बसतो. म्हणून दिसायला अगदी साधी असलेली साधनं कधी मुकी निघतात आणि अवजड वाटणारी भडाभडा बोलतात. पायथनसोबत येणारं आयडल हे पहिलं उदाहरण. नवख्यांसाठी बनवलेलं, सुटसुटीत. पण ते टीके नावाच्या ज्या पायावर उभं आहे, तो स्क्रीन रीडरच्या प्रश्नांना वर्षानुवर्षं उत्तर देत आलेला नाही. जावासाठी वापरतात ते एक्लिप्स त्याहून कितीतरी अवजड, पण ते विंडोजची स्वतःची बटणं आणि याद्या वापरतं, म्हणून ते वाचता येतं. ‘सोपं साधन’ हे वर्णन नेहमी कुणाच्या तरी डोळ्यांवरून ठरलेलं असतं. शाळेत स्क्रॅच शिकवतात तेव्हाही हेच होतं: रंगीत ठोकळे माउसने ओढायचे. डोळस मुलाला त्याने गोडी लागते आणि अंध मुलगी वर्गाच्या कोपऱ्यात बसून राहते.

‘मुळात कोडिंग हे बघण्याचंच काम आहे, अंधांनी त्यात का पडावं?’ असं आडून आडून विचारणारे भेटतात. सोलापूरकराने तरी हे विचारू नये. आपली चादर ज्या जकार्ड मागावर विणली गेली, त्याची नक्षी पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर भोकं पाडून लिहिलेली असायची. भोक असेल तिथे धागा उचलायचा, नसेल तिथे नाही. १८०४ च्या आसपास फ्रान्समध्ये जोसेफ मारी जकार्डने ही युक्ती पक्की केली, गणिती चार्ल्स बॅबेजने आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात ती उचलली आणि पुढे कित्येक दशकं संगणकाला सूचना भोकांच्या पत्त्यांवरूनच दिल्या गेल्या. बोटाने चाचपता येईल अशी ती सूचना होती. सूचना क्रमाने मांडणं हे प्रोग्रॅमिंगचं मूळ आहे. ती पडद्यावर रंगीत अक्षरांत दाखवायची सोय फार नंतरची.

कोड ऐकायचा कसा, हे मात्र शिकावं लागतं आणि ते कुणी शिकवत नाही. एनव्हीडीए हा विंडोजवरचा स्क्रीन रीडर नव्याने बसवला की तो विरामचिन्हांपैकी काहीच बोलतो. गोष्टीचं पुस्तक वाचायला ते ठीक आहे, पण कोडमध्ये गाळलेला एक कंस म्हणजे बंद पडलेला प्रोग्रॅम. म्हणून पहिलं काम, विरामचिन्हांची पातळी ‘सर्व’वर न्यायची. मग ओळ अशी ऐकू येते: फॉर, आय, इन, रेंज, कंस सुरू, दहा, कंस पूर्ण, कोलन. पहिले काही दिवस डोकं उठतं. मग कान सरावतो आणि न आलेला कंस जेवणातल्या खड्यासारखा खटकतो. दुसरं काम वेग. जुने जाणते इतक्या वेगाने ऐकतात की शेजारच्या माणसाला तो निव्वळ आवाज वाटतो. नवख्याने त्यांची बरोबरी करू नये. हळू ठेवावं आणि बाणाच्या कीने एकेक अक्षर ऐकत जावं.

पायथनबद्दल एक समज घट्ट बसलेला आहे. त्यात कुठली ओळ कशाच्या आत येते ते ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेवरून, म्हणजे इंडेंटेशनवरून ठरतं. मोकळी जागा ऐकू कशी येणार? म्हणून अंधांनी महिरपी कंसांची भाषा घ्यावी, असा सल्ला मी पुष्कळदा ऐकला. पण एनव्हीडीएमध्ये इंडेंटेशन सांगण्याची सोय आहे. ते बोलून सांगता येतं, सुरांनी सांगता येतं किंवा दोन्ही. ओळ जितकी आत, तितका सूर वर चढतो. सुरांची सवय झाली की कोणती ओळ लूपच्या, म्हणजे परत परत चालणाऱ्या ओळींच्या, बाहेर पडली ते शब्द ऐकायच्या आधीच कळतं. आणि हा एनव्हीडीए कशात लिहिलाय? मुख्यतः पायथनमध्येच. ऑस्ट्रेलियाच्या मायकेल करनने २००६ मध्ये त्याचं काम सुरू केलं, जेम्स टेह त्याला येऊन मिळाला. दोघेही अंध. विकतचे स्क्रीन रीडर सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर आहेत म्हणून त्यांनी हा फुकट आणि खुला ठेवला. आज विडी वळणाऱ्या बाईचा मुलगा जुन्या लॅपटॉपवर पैसे न मोजता शिकू शकतो, तो यांच्यामुळे.

आपल्या जवळचं नाव घ्यायचं तर संगणकशास्त्रज्ञ टी. व्ही. रामन. पुण्यात वाढले, काचबिंदूने चौदाव्या वर्षी दृष्टी गेली, पुणे विद्यापीठातून गणित केलं, मग आयआयटी मुंबई आणि अमेरिकेतलं कॉर्नेल. १९९५ मध्ये त्यांनी इमॅक्स या एडिटरला बोलतं करणारं इमॅकस्पीक प्रसिद्ध केलं. त्यामागचा विचार मला आजही फार मोलाचा वाटतो. पडदा वाचून दाखवत बसण्यापेक्षा मजकुराचा अर्थ ओळखून बोलावं, टिपणी एका आवाजात आणि कोड दुसऱ्या आवाजात यावा. तरीही नवख्याला मी इमॅकस्पीक सुचवत नाही. ते शिकणं हाच वर्षभराचा अभ्यास आहे आणि सोलापुरात अडल्यावर विचारायला कुणी सापडणार नाही.

क्वोरम या भाषेचंही तसंच. अँड्रियास स्टेफिक यांनी ती अंध विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून सुरू केली आणि भाषेतला प्रत्येक शब्द नवख्याला कसा समजतो हे तपासून घडवली. त्या कामाबद्दल मला आदर आहे. पण माझा कल सरळ दुसरीकडे आहे: बाकावर शेजारी बसलेला जे वापरतो तेच अंध मुलाने वापरावं, फक्त ते बोलणारं असावं. सध्या त्यात व्हीएस कोड हा एडिटर, म्हणजे कोड लिहायची खिडकी, सगळ्यात पुढे आहे. ऑल्ट आणि एफ-१ दाबलं की त्यात स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांसाठीची मदत उघडते, एफ-८ दाबलं की कर्सर पुढच्या एररवर जातो, चूक असलेल्या ओळीवर आलं की वेगळा आवाज होतो, कंट्रोल आणि जी दाबून ओळीचा क्रमांक दिला की थेट तिथे पोचता येतं. पुण्याच्या कंपनीतही हेच असतं. अडल्यावर वर्गातला कुणीही मदत करू शकतो, आणि तुम्हीही त्याची अडचण सोडवू शकता. अंध मुलाला वर्गात मदत घेणाराच ठेवायचं नसेल तर हे दुसरं फार महत्त्वाचं आहे.

अंधांसाठी म्हणून वेगळं काढलेलं साधन कितीही चांगलं असलं तरी मुलाला एकटं पाडतं. जगात काही ठिकाणी अशा साधनांभोवती शिक्षक आहेत, शाळा आहेत, तिथे ती जरूर वापरावीत. आपल्याकडे ते नाही, आणि निवड करायची ती आपल्याकडे काय आहे ते बघूनच.

साधन तपासायची माझी कसोटी एकच आहे. मुद्दाम चुकीचा प्रोग्रॅम लिहायचा, एक कंस गाळायचा, आणि डोळस माणसाला न विचारता ती चूक स्वतःला सापडते का ते बघायचं. सापडली तर साधन आपलं. बाकी रंग, मेनू, आपोआप पूर्ण होणारे शब्द, एआयची मदत, हे सगळं नंतर. मूळ काम चुकणं आणि दुरुस्त करणं हेच आहे, आणि दुरुस्तीसाठी दर वेळी कुणाला हाक मारावी लागत असेल तर ते शिकणं म्हणता येत नाही.

याच कारणाने प्रॅक्टिकलला रायटर देऊन प्रश्न मिटवणं मला मान्य नाही. इतिहासाच्या पेपरला रायटर ठीक. कोड तोंडी सांगून लिहून घ्यायचा म्हणजे काय होतं ते एकदा करून बघावं. ‘बरोबर’ म्हणायचं की ‘दोनदा बरोबर’, मोकळी जागा चार की आठ, अवतरण एकेरी की दुहेरी, आणि समोरच्याला यातलं काहीच ठाऊक नाही, कारण केंद्र सरकारच्या २०१८ च्या सूचनांप्रमाणे उमेदवाराने आणलेला रायटर शिक्षणाने एक पायरी खालचाच लागत होता. त्याने लिहिलं, कंपाइल केलं, एरर आली; ती एरर तो वाचून दाखवणार त्याच्या उच्चारात, अर्धवट. यात मुलाच्या कोणत्या कौशल्याची परीक्षा झाली? उलट संशय मागे राहतोच की प्रोग्रॅम रायटरने केला. २९ ऑगस्ट २०१८ च्या त्याच सूचनांत संगणकावर परीक्षा देण्याचा पर्याय होता आणि तो संगणक आदल्या दिवशी तपासून बघू द्यावा असंही म्हटलेलं होतं. मुलगा वर्षभर ज्या साधनावर शिकला, तेच परीक्षेत त्याच्या हाती यावं. त्याहून जास्त तो काही मागत नाही.

भाषेचा एक प्रश्न मात्र सोलापूरचा स्वतःचा आहे, आणि साधन बदलून तो सुटत नाही. पूर्व भागातल्या पद्मशाली घरातली मुलगी घरी तेलुगू बोलते, शाळेत मराठी ब्रेल वाचते, आणि संगणक तिच्याशी परक्या हेलाच्या इंग्रजीत बोलतो. तिला कोड कठीण जातो असं वाटतं तेव्हा पुष्कळदा तो आवाजच कळलेला नसतो. सुरुवातीला सारखे भेटणारे एरर मूठभरच असतात: सिंटॅक्स एरर, नेम एरर, इंडेंटेशन एरर. ते मराठीत समजावून, ऐकवून, अक्षर अक्षर घोटून घेतले तर महिन्याभरात भीड चेपते. शिक्षकाने नोट्स मराठीत द्याव्यात, पण युनिकोडमध्ये. जुन्या डीटीपीच्या फॉन्टमधली फाइल दिसायला मराठी असते आणि स्क्रीन रीडर ती वाचतो तेव्हा निव्वळ कचरा ऐकू येतो. आणि फळ्यावरच्या प्रोग्रॅमचा फोटो व्हॉट्सअॅपवर टाकून ‘नोट्स दिल्या’ म्हणू नये. तोच प्रोग्रॅम टाइप करून पाठवायला पाच मिनिटं जास्त लागतात. फळ्यावर लिहिताना ‘हे इथे, ते तिथे’ न म्हणता ओळ बोलत बोलत लिहिली, तर मागच्या बाकावरच्या डोळस मुलांनाही बरं पडतं.

शिक्षकांची बाजू मला ठाऊक आहे. तीस मशीन, दोन तास, साठ मुलं. प्रत्येकाने वेगळं साधन वापरलं तर तपासायचं कसं? प्रोग्रॅम ही शेवटी साधी मजकुराची फाइल असते, ती कुठेही उघडते आणि चालते. तपासायचं असतं ते उत्तर आणि त्यामागचा विचार. फ्लोचार्टच्या बाबतीतही हाच विचार लावावा. चौकोन-डायमंड काढता येत नाहीत म्हणून त्या मुलाचे गुण कापण्यापेक्षा त्याच पायऱ्या सूडोकोडमध्ये, म्हणजे साध्या शब्दांत, लिहून घ्याव्यात. मुलाला तर्क मांडता येतो का, हेच तर बघायचं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात गरजेनुसार वाजवी सोय करण्याची आणि अभ्यासक्रमात व परीक्षा पद्धतीत योग्य बदल करण्याची तरतूद आहे, कलम १६ आणि १७ मध्ये. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तेव्हा ही मेहेरबानी समजून कुणी देऊ नये आणि तशी कुणी मागूही नये.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये एकाच जिल्ह्यासाठी स्थापन झालं. राज्यातल्या मोठ्या विद्यापीठांना जे शेकडो मैलांवरच्या कॉलेजांना कळवावं लागतं, ते इथे एका परिपत्रकात होऊ शकतं. प्रॅक्टिकलच्या सूचनांत एवढंच लिहावं: भाषेच्या प्रमाणाशी सुसंगत कोणताही कंपायलर आणि कोणताही एडिटर चालेल, दृष्टिबाधित विद्यार्थ्याला त्याचा स्क्रीन रीडर आणि हेडफोन वापरू द्यावा, प्रश्नपत्रिका आणि जर्नल त्याच्यासाठी युनिकोड मजकुरात असावेत. याला खर्च नाही. पायथन फुकट, व्हीएस कोड फुकट, एनव्हीडीए फुकट.

परिपत्रकाची वाटही बघायला नको. एनव्हीडीएची पोर्टेबल प्रत पेनड्राइव्हवरून चालते, लॅबच्या मशीनवर काही इन्स्टॉल करावं लागत नाही. अडतं ते यूएसबी पोर्टपाशी, कारण व्हायरसच्या भीतीने तो बऱ्याच लॅबमध्ये बंद ठेवलेला असतो. एका मशीनवरचा तो पोर्ट उघडून द्यायला विभागप्रमुखांची एक सही पुरते, आणि ती पहिल्या प्रॅक्टिकलच्या आधी व्हायला हवी.